किरणच्या नावाचं रक्त

निवृत्त होऊन नेवाशाला कायमची राहायला आले, तेव्हा शेजारच्या निमसे काकूंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ताई, पुण्याला तुम्ही नेमकं काय काम करायच्या?" मी सरळ सांगितलं, "विषाणूंवर." त्या दिवसापासून काकू आमच्याकडे चहा घेत नाहीत. ओट्याखाली उभ्या राहून बोलतात, आणि बोलताना पदर नाकाशी असतो. दिवाळीचा फराळ न चुकता पाठवतात, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत, म्हणजे आमच्या घरातून डबा परत जायला नको. मला त्यांचा राग येत नाही. मी सगळी हयात संशयावर काढली, दुसऱ्याच्या संशयाला नावं कोणत्या तोंडाने ठेवू?

हा स्वभाव माहेरचाच. वडील इथल्याच शाळेत गणित शिकवायचे. उत्तर चुकलं तर ते शांतपणे समजावून सांगायचे, पण बरोबर आलं की विचारायचे, "कुणाचं बघून लिहिलंस?" पुढे प्रयोगशाळेत मी हाच प्रश्न पोरांना विचारत राहिले. एकदा एक हुशार विद्यार्थी नाचतच आलेख घेऊन आला. औषध दिलेल्या उंदरांचं रक्त झकास गोठायला लागलं होतं. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मी औषध न दिलेल्या उंदरांचा आलेख मागितला, तर त्यातलाही एक बरा झालेला. पिंजरे धुताना दोन उंदरांची अदलाबदल झाली होती. पोरगं बरेच दिवस माझ्याशी बोललं नाही. त्याच्या लग्नाचं आमंत्रण मात्र आलं.

आमचा धंदा काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शरीरात कोणता पदार्थ कसा बनवायचा, याची कृती म्हणजे जनुक. काही माणसांच्या अंगात जन्मतःच एखादी कृती चुकीची असते. बरोबर कृती आम्हाला बनवता येते, पण ती पेशीच्या आत पोचवणार कोण? ती विद्या विषाणूंना येते. म्हणून आम्ही एक गरीब विषाणू धरला, जो कुणाला आजारी पाडत नाही. तो टेम्पो आहे असं समजा. त्यातला त्याचा माल उतरवायचा, आपला भरायचा, आणि टेम्पो शिरेतून सोडून द्यायचा. तो यकृताशी जाऊन माल उतरवतो. पेशी नवी कृती वाचून कामाला लागतात.

ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की हा विषाणू जगात आधीपासून हिंडतो आहे. लहानपणी सर्दीपडशाच्या गडबडीत तो कित्येकांच्या अंगात येऊन जातो, पत्ताही लागत नाही. पण शरीर विसरत नाही. ते त्याच्यासाठी पहारेकरी नेमून ठेवतं, ज्यांना आता अँटीबॉडी म्हणून सगळेच ओळखतात. अशा माणसाला आमचं औषध दिलं, तर टेम्पो नाक्यावरच अडतो आणि माल रस्त्यावर सांडतो. शिवाय एकदा औषध दिलं की ज्याच्या अंगात पहारेकरी नव्हते त्याच्याही अंगात ते उभे राहतात. म्हणजे हे औषध माणसाला एकदाच देता येतं. वाया गेलं तर गेलं.

माझी उमेदीची वर्षं या टेम्पोचा रंग बदलण्यात गेली, म्हणजे पहारेकऱ्यांना तो ओळखू येऊ नये असं त्याचं आवरण करण्यात. उंदरांमध्ये जमलं, माणसाच्या रक्तासमोर जमलं नाही. त्याची हळहळ आहे आणि ती लपवून उपयोग नाही, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातूनच झाली.

आमच्याकडे तऱ्हेवाईक गिऱ्हाइकंही यायची. राहुरीकडचे एक बागायतदार नेमाने फोन करून विचारायचे की असा विषाणू टोचून बैलाचं वशिंड मोठं होईल का. एका पुढाऱ्याने मध्यस्थ पाठवला होता, टकलाचं काही जमतं का बघायला. मध्यस्थ म्हणाला, "साहेबांचं नाव कुठं येऊ देऊ नका." मी म्हटलं, नावाची काळजी नको, केसच येणार नाहीत.

आता मुद्द्याचं.

मी निवृत्त व्हायच्या आधी आमच्या संस्थेत हिमोफिलियावर मोजक्या रुग्णांची चाचणी चालू होती. हिमोफिलिया म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार. आई तो रक्तातून देते आणि भोगतात बहुधा मुलगे. कापल्याखरचटल्यापेक्षा सांध्यांचं भय जास्त. जरा पाय मुरगळला की गुडघ्यात रक्त साचतं, गुडघा फुगतो, आणि असं वारंवार झालं की सांधा कायमचा जातो. रक्त गोठवणारा जो घटक त्यांच्यात नसतो, त्याची इंजेक्शनं सरकारी दवाखान्यातून मिळतात. रुग्ण त्यांना नुसतं बाटल्या म्हणतात. बाटल्या कधी असतात, कधी नसतात.

या चाचणीसाठी शनिशिंगणापूरच्या किरणचं नाव आलं होतं. विशीतला मुलगा, त्याची आई द्वारकाबाई देवळाच्या रस्त्याला तेल, रुईच्या माळा आणि काळं कापड विकते. दोघं समुपदेशनाला पुण्याला आले होते तेव्हा मी त्यांना भेटले होते. किरणचा थोरला भाऊ भाऊसाहेब, त्यांनाही हाच आजार. पण त्यांचे दोन्ही गुडघे आधीच आखडलेले, म्हणून त्यांनी आपलं नाव दिलंच नव्हतं. द्वारकाबाई म्हणाली होती, "थोरल्याचं गेलं ते गेलं. ह्याचे पाय तेवढे वाचवा." या बाईला हवं होतं ते एवढंच.

नगरहून एक माणूस शिंगणापूरला जाऊन रक्त घेऊन आला. बर्फाच्या डब्यातून नमुना पुण्याला आला. आमच्याकडे ही तपासणी रेबेका करायची. ती श्रीरामपूरची, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली, आणि हाताची इतकी स्वच्छ की तिच्या टेबलावर चहाचा कप ठेवायची कुणाची छाती नव्हती. नमुना साफ निघाला. किरणच्या रक्तात एकही पहारेकरी नव्हता. त्याची निवड झाली, शिंगणापुरात पेढे वाटले गेले.

औषध द्यायच्या आधी खात्रीसाठी पुन्हा एकदा रक्त तपासायचं असतं. दुसरा नमुना आला आणि त्यात अँटीबॉडी खच्चून भरलेल्या. घरी कळवलं की थांबा, निकाल बिघडला आहे, पुन्हा बघू. तिसरा नमुना मागवला. तो पुन्हा साफ.

आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही नुसते सर म्हणायचो, एकदम मोकळे झाले. "मधला नमुना खराब झाला असणार. दोन विरुद्ध एक. तारीख ठरवून टाकू."

मी म्हटलं, "सर, ही ग्रामपंचायतीची निवडणूक नाही. रक्तात पहारेकरी उभे राहू शकतात, पण उभे राहिलेले काही आठवड्यांत घरी जात नाहीत."

सरांना ते माहीत होतंच. म्हणूनच माझा पहिला संशय त्यांच्यावर गेला. औषधासाठी पैसा घालणारी कंपनी घाई करत होती, रुग्ण मिळत नव्हते, आणि सर हल्ली दार लावून फोनवर बोलायचे. तिसऱ्या नमुन्याचा निकाल इतका सोयीचा आला होता की मला रात्री झोप लागेना. दुसरा संशय रेबेकावर. ती चुकत नाही, हे मला पटलेलं होतं, आणि मला पटलेल्या गोष्टींचंच मला जास्त भय वाटतं. तिला विचारलं, तेव्हा तिचं तोंड उतरलं.

"मॅडम, माझ्या हातावर संशय घ्यायचा तर घ्या," ती म्हणाली, "पण माझ्यासमोर बसून घ्या."

मी बसले. तिन्ही नमुन्यांचं उरलेलं रक्तद्रव काढून तिने माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा तपासणी केली. पहिला साफ, दुसरा भरलेला, तिसरा साफ. रेबेकाचा हात निर्दोष होता. मग मी फ्रीझरवर संशय घेतला, नमुन्यांवरच्या चिठ्ठ्यांवर घेतला, नगरहून येणाऱ्या माणसावर घेतला. तो माणूस म्हणाला, "मॅडम, मी दरवेळी आधार कार्ड बघतो." आधार कार्डावरच्या फोटोवरून आपली सख्खी आई आपल्याला ओळखत नाही, हे मी त्याला काय सांगू? तिन्ही नमुन्यांचा रक्तगट तपासला. तिन्ही वेळा ओ पॉझिटिव्ह. शंका इथे मिटायला हवी होती. माझी वाढली, कारण हा गट दर तिसऱ्या माणसाचा असतो.

नमुने एकाच माणसाचे आहेत का, याचा निकाल डीएनए तपासून लावता आला असता. पण त्यासाठी घरच्यांची वेगळी संमती लागते, आणि ती मागायची म्हणजे तुमच्यावर आमचा विश्वास नाही असं कागदावर लिहून पाठवायचं. मी सुट्टी टाकली, नेवाशाला माहेरी आले, आणि दुसऱ्या दिवशी घोडेगावला उतरून सहा आसनी रिक्षाने शिंगणापूर गाठलं.

शिंगणापुरात घरांना दारं लावत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चोरी झाली तर शनिदेव बघून घेतो. माझ्यासारख्या बाईला अशा गावात गुदमरायला होतं. उघड्या चौकटीतून थेट स्वयंपाकघर दिसतं, पण कडी वाजवायची सोय नाही. मी बाहेरूनच खाकरले.

द्वारकाबाई दुकानाच्या माळा घरातच ओवत बसली होती. मला बघून तिच्या हातातली सुई थांबली. "म्याडम, तुमी? काय वंगाळ तर न्हाई ना?"

"नाही. माहेरी आले होते, म्हटलं किरणला भेटावं."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसलं. तरी तिने बसायला चटई टाकली, चहा टाकला. किरण मागच्या विहिरीवरून पोहून ओल्या केसांनी आला. चौकटीला टेकवलेली लाकडी फळी बाजूला सरकवत भाऊसाहेब आले, एकेक पाय उचलून ठेवत. दोघं भाऊ शेजारी बसले आणि मी चहाचा कप खाली ठेवला. नाक, कपाळ, दाढीचा भोवरा, सगळं एक. थोरला वाळलेला, एवढाच फरक.

द्वारकाबाईने माझी नजर फळीवर आहे असं समजून आपणहून सांगितलं. "ती कुत्र्यासाठी, म्याडम. आमच्यात दार न्हाई ना. पन खरी लावली ती ह्याच्यासाठी. ह्यो भाऊसायब रांगायला लागला आन कळालं, पडला की गुडगा टम्म. मंग काय करनार? फळी लावली, आत ठिवला. साळंत न्हाई, जत्रंत न्हाई, कुना पोराच्यात न्हाई. फळीवर हनुवटी टेकून खेळनारी पोरं बघायचा. तरीबी पाय गेलेच. मंग किरनच्या टायमाला म्हनलं, कोंडून तरी काय फायदा? ह्याला सोडला. लई हुंदडला. पडला, झडला, पन हुंदडला."

किरण हसला. भाऊसाहेब माळेची पानं निवडत राहिले.

मी आता फार वाट बघितली नाही. म्हटलं, "किरण, हात दाखव. रक्त घेतलं ती शीर बघते." त्याने दोन्ही हात पुढे केले. दोन्ही कोपरांच्या आतली कातडी स्वच्छ. हिमोफिलियाच्या माणसाला सुई टोचली की काळंनिळं होतं आणि ते कितीतरी दिवस जात नाही. तिसरा नमुना घेऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. मी भाऊसाहेबांकडे वळले. त्यांनी सदऱ्याची बाही गुंडाळलेलीच होती. उजव्या कोपरात पिकल्या जांभळासारखा डाग होता.

"हा कधीचा?"

"मागल्या आठवड्यात रगत न्याया आल्ते ना, तवाचा."

"तुमचं रक्त नेलं?"

"व्हय. मीच देलं. किरनच्या नावानं."

इतक्या सरळ आवाजात सांगितलं की माझीच पंचाईत झाली. मी कटकारस्थानाच्या तयारीने आले होते. पुढचं सगळं त्यांनी न विचारता सांगितलं. पहिल्यांदा माणूस आला तेव्हा किरणचा गुडघा सुजलेला, तो गोळी घेऊन निजलेला. "मानूस ताटकळला हुता. म्हनलं, त्याला कशाला उठवायचं, मी देतो. कार्ड मागितलं तर किरनचं दावलं. आमचं काय येगळं हाय? आई येक, दुखनं येक. बाटल्याबी आमी तशाच वापरतो. नाव कुनाचं का आसंना, ज्याचं जास्त दुखतंय त्याला." दुसऱ्या वेळी ते माल आणायला नगरला गेले होते, म्हणून किरणने स्वतः दिलं. "आन तुमच्याकडून फोन आला, बिगाडलं म्हनून. मंग मी म्हनलं, मी देलं का पास हुतंय, त्यो देतो तर नापास. तर तिसऱ्याला मीच देलं."

त्यांच्या लेखी तो एक कागद होता. सरकारी कामात सही ज्याची चालते त्याने करावी, तसं. ज्या घरात औषधाची बाटली कुणाच्या नावाची हे कधी बघितलंच नाही, तिथे रक्ताला नाव कुठून येणार?

मग जे सांगायला आले नव्हते, ते सांगावं लागलं. किरणला औषध देता येणार नाही. त्याच्या अंगात पहारेकरी आहेत. दिलं तर वाया जाईल, कदाचित त्रासही होईल. मी टेम्पोची गोष्ट सांगितली. भाऊसाहेबांना ती लगेच कळली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी नुसतं विचारलं, "मंजी मी तसंच दिऊ दिलं आसतं तर?"

"तर एकदाच मिळणारी संधी गेली असती."

द्वारकाबाई मात्र उठून उभी राहिली. "म्याडम, खरं सांगा. आधी पास म्हनलं, पेढे वाटाया लावले. आता न्हाई म्हनता. त्ये औषध दुसऱ्या कुना मोठ्याच्या पोराला देयाचं ठरलं आसंल."

कुणी मला इतकं उघड खोटारडी म्हटलं नव्हतं. पण मी तिच्या जागी असते तर हाच संशय घेतला असता, आणि सरांबद्दल मी तो घेतलाही होता. म्हटलं, "दुसऱ्या कुणाला नाही. नियमात बसलं तर ते तुमच्याच घरात देता येईल. भाऊसाहेबांचं रक्त दोन्ही वेळा साफ आलं आहे."

रस्त्यावर कुणा भाविकाने तेलाचा भाव विचारला आणि उत्तर न मिळाल्याने तो निघून गेला. मग भाऊसाहेब म्हणाले, "मला नगं. माझं काय ऱ्हायलंय? गुडगे काय परत येनार हायेत का?"

"नाही येणार," मी म्हटलं. "पण रक्त जाणं थांबेल. कदाचित."

"कदाचित," ते म्हणाले. माझ्याच शब्दावर त्यांचा संशय.

त्यांना वळवलं ते किरणने, मी नाही. तो भावाच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "दादा, घे की लेका. तू घेतलं तर तुला बाटली लागायची न्हाई. मंग मिळतील त्या समद्या माझ्या येकट्याच्या. तुझा वाटासुदिक माझाच." भाऊसाहेब त्याच्याकडे बघत राहिले आणि मग हसले. त्यांना मी तेव्हाच पहिल्यांदा हसताना बघितलं. पण किरणच्या डोळ्यांत काय होतं ते मी समोर बसून बघत होते.

निघताना द्वारकाबाई रिक्षापर्यंत आली. तिच्या हातात माळ तशीच होती. "म्याडम, येक इचारू? किरनच्या अंगात त्यो इषानू आला कुठून?"

"सगळीकडे असतो तो. लहान मुलांना एकमेकांकडून लागतो. सर्दीखोकल्यात, खेळताना."

तिने माळ दुसऱ्या हातात घेतली. "मंजी ह्याला कोंडला म्हनून ह्याचं चांगलं ऱ्हायलं. आन त्याला सोडला म्हनून त्याचं गेलं."

"असं सांगता येत नाही," मी म्हटलं.

हे शंभर टक्के खरं होतं. कोंडलेल्या मुलालाही विषाणू लागतो, मोकळ्या मुलाला लागेलच असं नाही. दोन भावांवरून कुठलाच नियम काढता येत नाही. माझ्या विद्यार्थ्याने काढला असता तर मी त्याची वही फेकून दिली असती. पण त्या बाईने एका मुलाला भीतीपोटी आत ठेवलं होतं आणि दुसऱ्याला मायेपोटी बाहेर सोडलं होतं, आणि मी तिला शास्त्र सांगत होते. रिक्षा सुटली तरी ती तिथेच उभी होती.

पुण्याला येऊन मी झालं ते सगळं जसंच्या तसं नैतिकता समितीपुढे ठेवलं. खोट्या नमुन्याबद्दल त्या घराला चाचणीतून काढून टाकावं, असं समितीतल्या एकांचं म्हणणं पडलं. आणि ज्या सरांवर मी संशय घेतला होता तेच हट्टाने उभे राहिले. म्हणाले, फसवायचं असतं तर विचारताक्षणी हात पुढे केला नसता. त्यांचे दार लावून चाललेले फोन मुलीच्या सोयरिकीचे होते, हे मला नंतर कळलं. भाऊसाहेबांना स्वतःच्या नावाने रीतसर घेतलं गेलं. त्यांचं रक्त काढताना मी स्वतः समोर बसले, चेहरा बघितला, कार्ड बघितलं, कोपर बघितलं. रेबेका म्हणाली, "मॅडम, आता अंगठा तेवढा घ्यायचा राहिला."

औषध देण्यात बघण्यासारखं काही नसतं. सलाइनसारखी एक लहान पिशवी, ती हळूहळू रिकामी होते. बरोबर आलेला किरण म्हणाला, "एवढंच?" कित्येकांची आयुष्यं खर्ची पडली होती त्या पिशवीत, पण दिसायला एवढंच. काही आठवड्यांनी भाऊसाहेबांच्या रक्तात तो घटक दिसायला लागला. मी आकड्यावर विश्वास ठेवला नाही, पुन्हा तपासायला लावलं. पुन्हा तेच. अर्थात किती वर्षं टिकेल हे मला माहीत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर मी संशय घेईन. खुद्द भाऊसाहेबांचाही विश्वास नाही. गुडघ्याला पट्टा बांधायचं त्यांनी अजून सोडलेलं नाही.

पण रक्त जाणं थांबलं. ते स्कूटर शिकले, नगरला मालाला एकटे जायला लागले. आणि किरणचा डावा घोटा गेला. बाटल्या होत्या, तरी गेला. पोहायला गेल्यावर विहिरीच्या पायरीवर घसरला, आणि मग परत परत रक्त साचत राहिलं.

द्वारकाबाई अधूनमधून फोन करायची. इकडचं तिकडचं बोलून झालं की शेवटी तोच प्रश्न, "म्याडम, मी सोडला म्हनूनच ना?" आणि मी तेच उत्तर द्यायचे, असं सांगता येत नाही. दरवेळी ती "बरं" म्हणायची. त्या "बरं"मधला संशय मला फोनवरही ऐकू यायचा. तिला वाटायचं, मला माहीत आहे आणि मी लपवते आहे.

गेल्या चैत्रात ती भाऊसाहेबांच्या स्कूटरवर मागे बसून नेवाशाला आली, देवदर्शनाला. जाताना माझ्याकडे चढली. निमसे काकू ओट्याखालून बघत होत्या की ही कोण बया न घाबरता आत जाते. चहा झाला. भाऊसाहेब स्कूटर पुसायला बाहेर गेले. द्वारकाबाई खिडकीतून त्यांच्याकडे बघत होती. किरण आता काठी घेऊन चालतो, असं तिने सांगितलं. मग ती माझ्याकडे वळली. या वेळी तिने विचारलं नाही. नुसती बघत राहिली, आणि मला ते सहन होईना.

"नाही," मी म्हटलं. "तुमच्यामुळे नाही झालं. तुम्ही किरणला कोंडलं असतं, तरी त्याला तो लागलाच असता."

याला पुरावा नाही. माझ्या शिक्षकांनी, माझ्या वडिलांनी, मी स्वतः हे वाक्य कुणाच्या वहीत खपवून घेतलं नसतं. द्वारकाबाईने पदराने चहाच्या कपाची कड पुसली आणि कप खाली ठेवला.

"खोटं हाय," ती म्हणाली. "पन येकदा कुनीतरी म्हनाया पायजे हुतं."